काकूंची मुलाखत

बेल पुन्हा वाजली, तेव्हा रत्नमालाच्या ध्यानात आलं की आपण पंख्यापायी फसलो.

पंखा बंद असता, तर घरात कुणी नाही असं समजून दारातली माणसं आल्या पावली परत गेली असती. पण मे महिन्यातली दुपार, आणि पुंडलिकनगरातलं सगळं ऊन जणू याच घरावर उतरलेलं. जीव कासावीस झाला म्हणून तिनं बटण दाबलं होतं. आता तो पंखा करकरत गल्लीला वर्दी देत होता.

"काकू, पंखा फिरताना दिसतोय हो!" बाहेरून मुलीचा आवाज आला. "थोडाच वेळ घेऊ. आम्ही विद्यार्थी आहोत."

विद्यार्थी! सर्वेक्षण म्हणून दारात येतात आणि घर धुऊन नेतात, अशा बातम्या दिवसाआड पेपरात असतात. भरदुपारी एकट्या बाईनं दार उघडू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण न उघडावं, तर ही पोरगी हाका मारमारून गल्ली गोळा करणार. रत्नमालानं पदर सारखा केला आणि लॅच फिरवलं.

दारात दोघं होती. चष्मा लावलेली विशाखा आणि तिच्यामागे सत्यम, पाठीवर भलीमोठी सॅक. दोघं एम.ए.ला. संशोधनाचा विषय, 'शहरी कुटुंबांतील आंतरव्यक्तिगत आणि आंतरसांस्कृतिक संवाद'. विशाखानं हे एका दमात सांगितलं आणि चपला काढून ती आत आलीसुद्धा. सत्यमची नजर खोलीभर फिरली. टीव्ही, शोकेस, आतल्या खोलीचं लोटलेलं दार.

रत्नमाला त्या दारासमोरच बसली.

"तुमचं नाव, काकू?"

"नाव कशाला पायजे?"

"नको तर नको. गोपनीयता असते आमच्यात. घरात कोण कोण असतं?"

भिंतीवर फोटो होता. सफारीतले गृहस्थ आणि दोन पोरगे, वेरूळच्या लेण्यासमोर. त्याकडं बोट करून ती म्हणाली, "हे काय, समोरच हायत की."

"काका कधी येतात?" सत्यमनं सहज विचारलं. जरा जास्तच सहज.

"येतीलच आता," रत्नमाला म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यानं तिच्या अंगावर काटा आला.

"पण शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही सगळे लग्नाला गेलात जालन्याला. उद्या येणार म्हणून."

म्हणजे चौकशी करून आलेत.

"गेलेत की समदे. मी मागं राहिले. घराकडं कुणीतरी बघाय पायजे ना?"

"मग काका आज कसे येतील?"

"आमच्या ह्यांचं काय सांगावं बाबा! पंगतीत वरण पातळ निघालं तरी रुसून येतेत."

विशाखानं ते अगत्यानं लिहून घेतलं.

"चहा टाकते," म्हणून रत्नमाला उठली. आलेल्याला चहा न विचारणारी बाई आपल्या मुलखात कुणालाही खटकते, आणि खटकणं तिला परवडणार नव्हतं. स्वयंपाकघरात चहापत्ती म्हणून डबा उघडावा तर जिरं, साखर म्हणून उघडावा तर रवा. बाहेर कुजबुज चालली होती.

"एकट्याच आहेत," सत्यम म्हणाला. "आत्ताच उरकून घेऊ."

कपातला चहा बशीत सांडला.

"कोराच हाय. दूध नासलं," ती बाहेर येऊन म्हणाली.

"चालतंय की. आता सांगा काकू, अनोळखी घरात गेल्यावर तुम्ही आधी काय बघता?"

"माणसं. कोण हाय, कोण नाय. बाकी मग."

"आधी माणूस, मग वस्तू!" विशाखा भारावली. "आणि वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या लोकांत वावरताना काही अडचण?"

"काई नाय. शहागंजच्या बाजारात जा, न्हाय तर औरंगपुऱ्याच्या. 'जरा सरको भाई' म्हणायचं आन् हसायचं. लोक लई चांगले असतेत. आपल्याकडं बघतसुद्धा नायत."

सत्यम उठला. "काकू, बाथरूम आतून आहे ना?"

"नको!" ती एवढ्यानं ओरडली की विशाखाचं पेन थांबलं. "पाणी नाय. नळच आला नाय."

या शहरात एवढ्या कारणावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

"मग शेजारी जाऊन येतो," सत्यम म्हणाला. "त्या काकूंनाही घेऊन येतो. गटचर्चा होईल."

रत्नमाला त्याला आडवी आली. "नको रे बाबा. आमचं बोलणं नाय त्यांच्याशी."

विशाखाचे डोळे चमकले. "कधीपासून?"

"पैल्यापासूनच."

"भांडण?"

"भांडायला तरी बोलाय लागतं ना बाई? तसा योगच आला नाय."

हे वाक्य विशाखानं दोनदा अधोरेखित केलं. मग सत्यमनं मोबाइल काढला. "एक फोटो, काकू. सरांना पुरावा लागतो."

रत्नमालानं झटक्यात पदर तोंडावर ओढला. पदराआड तिचा श्वास फुलला होता. सत्यम एक पाऊल पुढं आला. विशाखानं त्याचा हात खाली केला.

"राहू दे. संशोधनात नीती नावाची गोष्ट असते. आणि त्या घाबरल्यात, दिसत नाही का तुला?" ती रत्नमालाकडं वळली. "काकू, रागावू नका. इतक्या मोकळेपणानं आजवर कुणीच बोललं नाही आमच्याशी."

आणि तिनं खाली वाकून नमस्कार केला. रत्नमालाचा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला.

"सुखी राहा," ती म्हणाली. "आन् कुणाच्याबी घरात असं शिरू नको, पोरी. दिवस बरे नायत."

दार लागलं. अंगणातून पावलं गेली, फाटक वाजलं, स्कूटी दूर गेली. रत्नमाला दाराला पाठ लावून बसून राहिली. धडधड थांबल्यावर उठली, तिन्ही कप विसळून पालथे घातले, ओटा पुसला. मग आतल्या खोलीतलं चांदीच्या भांड्यांचं गाठोडं उचललं आणि मागच्या खिडकीच्या वाकवलेल्या गजांतून, आली होती तशीच, बाहेर पडली.