बुधवारचा शर्ट

क्लीव्हलँडच्या अमेरिकन फुटबॉल संघात इतकी वर्षं माझं काम एकच. रविवारी ज्यांच्याशी सामना असेल, त्यांच्या हिरोचा नंबर अंगावर चढवून बुधवारच्या सरावात चेंडू काखोटीला मारून त्याच्यासारखंच पळायचं आणि आपल्याच गड्यांकडून आडवं व्हायचं, म्हणजे त्यांना त्याला अडवायची सवय होते. प्रत्यक्ष सामना मी साध्या कपड्यांत कडेला बसून बघतो. गेल्या सामन्यात मात्र आमचा हिरो गुडघा धरून कोसळला. आज बुधवारी संघाचे कपडे सांभाळणाऱ्या ऑर्विलने माझ्या स्वतःच्या नंबरचा शर्ट माझ्या अंगावर फेकला. “घे म्हाताऱ्या, रविवारी पिट्सबर्गविरुद्ध तू खेळतोयस!” पिट्सबर्गकडे माझंच काम करणाऱ्या टायरीला मी संध्याकाळी फोन लावला. “काय रे, आज माझा नंबर घालून कसा पळालास?” तो घुटमळला. “नाही घातला रे. कोच म्हणाले, त्याला सामन्यात पळताना कुणी पाहिलंय? नक्कल करणार कशाची?” नव्याकोऱ्या शर्टाच्या घड्या बघत मी विचारलं, “मग मी पळू कुणासारखा?”