थोरलीची वेलांटी

चित्रासाठी दिलेल्या चाळीस मिनिटांपैकी पंचवीस संपली, तरी सासऱ्यांच्या कागदावर तळ्याचा एक थेंब नव्हता. होत्या त्या फक्त पट्टीने मारलेल्या रेघा. चारी बाजूंना समास, मधोमध एक आडवी ओळ, तिच्या खाली आणखी एक.

"बाबा, तळं कुठाय?" सुनेने विचारलं.

"आधी मोजमाप नको? नाहीतर डोंगर जातो कागदाबाहेर, आणि लोक नावं ठेवतात रंगाऱ्याला."

आजूबाजूला सहलीतली मंडळी घडीच्या स्टुलांवर बसून निळ्या रंगाचा फडशा पाडत होती. गाइडबाई प्रत्येकाच्या पाठीमागे थांबून "वा, वा" म्हणत होत्या. सासऱ्यांच्या पाठीमागे आल्यावर त्यांचा "वा" घशातच राहिला.

सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कागद चांगला आहे, जपून ठेव," म्हणाले. ब्रशला त्यांनी हात लावला नव्हता. उजवा हात लगेच खिशात गेला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा हात गेल्या वर्षी थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी सगळे ब्रश फडक्यात बांधून कपाटावर टाकले आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. तळ्याकाठच्या चित्रसहलीचा हट्ट सुनेचा. नवरा म्हणाला होता, "कशाला त्यांच्या जखमेवर मीठ?" आता तिलाही तसंच वाटू लागलं.

पाय मोकळे करायला म्हणून सासरे उठले आणि काठावर जाऊन थबकले. गाइडबाईंच्या दोन होड्या होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी पाण्यात होती. थोरलीला नवा निळा रंग देऊन वाळूवर ओढून ठेवलं होतं आणि तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात अर्धंच नाव होतं.

"हे कुणाचं काम?"

"माझंच," गाइडबाई म्हणाल्या. "का हो, बरं नाही दिसत?"

"बाई, अक्षरं पाण्यात उडी मारायला निघालीत."

गाइडबाई हसल्या आणि त्यांनी रंगाचा डबाच पुढे केला. सासऱ्यांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने जुनं पुसलं, सुताने ओळ आखली, ब्रश उचलला. ब्रशचं टोक होडीपर्यंत पोचायच्या आतच लटपटलं. एक पांढरा थेंब त्यांच्या चपलेवर पडला.

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "नाही गं. ते गेलं आता."

सुनेने बाही वर सारली आणि आपला हात आखलेल्या ओळीच्या खाली, होडीवर आडवा दाबून धरला.

"टेका मनगट."

"रंग लागेल तुला."

"लागू दे."

"हलायचं नाही हं."

"अकरा वर्षं तुमच्या घरात आहे. हलले का कुठे?"

सासऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, ब्रश उचलला आणि मनगट टेकवलं. हाताचा थरथराट तिला कोपरापर्यंत जाणवला. सगळा माझ्यात उतरू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली. 'थो' झाला. 'र' झाला. 'ल' झाला, त्याच्यापुढची उभी रेघ झाली. मंडळी आपापली तळी सोडून मागे येऊन उभी राहिली.

वेलांटीच्या वळणाशी सासरे थांबले. "ही एका दमात यायला लागते," ते पुटपुटले. "मध्ये ब्रश उचलला की संपलं."

त्यांनी श्वास रोखला. तिनेही रोखला. ब्रश वर चढला, वळला आणि उतरून नेमका ओळीवर येऊन थांबला.

"वा!" गाइडबाई म्हणाल्या. हा मात्र मनापासूनचा होता.

चाळीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. सगळ्यांनी मिळून थोरलीला पाण्यात ढकललं. "हात बाहेर काढू नका कुणी, रंग ओला आहे!" असं ओरडत गाइडबाईंनी मंडळींना फेरीला नेलं. सासरे काही चढले नाहीत. पाटीवाला आपलं काम नेहमी लांबून बघतो, म्हणाले. सूनही त्यांच्याबरोबर काठावर थांबली. तिच्या हातावर पांढऱ्या रंगाचे दोन फराटे उठले होते.

होडी जरा पुढे गेली तसं तिचं नाव खाली पाण्यात उलटं उमटलं. तिथे सगळी अक्षरं थरथरत होती, वेलांटी तर सर्वांत जास्त. सुनेची नजर तिथेच खिळली.

सासऱ्यांनी तिला कोपराने ढोसलं.

"खाली काय बघतेस? तो पाण्याचा हात आहे. माझा वर बघ."