गं. भा. धोंडुबाई

“आण्णांचा बाप तेव्हा मेलाच नव्हता,” क्रांतीनं चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं.

स्वप्नालीबाई उद्याच्या सर्वपित्रीसाठी तांदूळ निवडत होत्या. लेकीला वंशावळीचं खूळ लागल्यापासून घरात रोज कुणीतरी मरत होतं, नाहीतर जिवंत होत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

“हळू बोल. आण्णा आत झोपल्यात.”

आण्णा म्हणजे स्वप्नालीबाईंचे वडील, आकाराम. नव्वदीला टेकलेले.

क्रांतीनं मोबाइलवरचे फोटो दाखवले. पहिला गारगोटीच्या कन्याशाळेतला, १९३९चा नोकरीचा अर्ज. खाली सही: गं. भा. धोंडुबाई. ही आण्णांची आई. दुसरा कागलच्या १९४६च्या जन्मनोंदीचा. बापाच्या जागी धोंडुबाईंच्याच नवऱ्याचं नाव, मूळ गावासकट. आई मात्र दुसरीच.

“त्यानं दुसरा घरोबा केला. आणि हिनं स्वतःला विधवा लिहून टाकलं!”

“मग काय लिहायचं? टाकलेली? टाकलेलीला मास्तरीण म्हणून कोण ठेवून घेतंय? वर माणसं नाही नाही ते बोलणार. विधवेला निदान सुखानं जगू देत होती.”

“नोकरीपुरतं ठीक हाय की. पण पोरालाबी खोटं सांगायचं? आण्णा जन्मभर बापाचं पान वाढतायत. तिथी म्हाईत न्हाय म्हणून सर्वपित्रीला. किती वर्षं जित्या माणसाचं घातलं असंल, आई!”

या वयात आण्णांना हे सांगावं की गप्प बसावं, क्रांतीला काही केल्या ठरवता येईना.

“सांगून काय मिळणार त्यांना?” स्वप्नालीबाईंनी विचारलं.

“आता काय न्हाय. तेव्हा सांगायचं होतं. बापाला भेटायचं का त्याच्या दारावर थुंकायचं, ते आण्णांनी ठरवलं असतं. ह्या बाईला काय अधिकार?”

“पोराला जपलं तिनं.”

“असलं जपणं नको. माझंच बघ. बाबा पुरात गेले तेव्हा मी दोन वर्षांची. अजून वाईट वाटतं. पण खरं हाय ते. खऱ्यावर रडता तरी येतं.”

स्वप्नालीबाईंचे हात थांबले.

“खरंच? कितीबी वाईट असलं तरी तुला कळायला पाहिजे?”

“व्हय. पाहिजेच.”

स्वप्नालीबाई उठल्या. आण्णांच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं आणि लेकीसमोर येऊन बसल्या.

“तुझा बाप सांगलीत असतो. नंबर देऊ?”