खिडकीचा नवा कागद

नव्या वर्षाला चार दिवस उरले, तसा दुआननं खिडकीचा पिवळा पडलेला कागद फाडला आणि खळ लावून नवा चिकटवला. खळ वाळते न वाळते तोच त्याची बायको अंगणात आली आणि जिभेवर बोट ओलं करू लागली.

"झालं सुरू," दुआन म्हणाला. "दरवर्षी कोऱ्या कागदाला भोक. मग हिवाळाभर खोकत बसायचं."

"आणि आ-थाओ आली तर? ती आधी भोकातून बघणार, मी चुलीपाशी आहे का. मगच आत येणार."

आ-थाओ त्यांची लेक. सातव्या वर्षी तिला नदीपलीकडच्या घरी दिली होती, त्या घरची सून म्हणून तिथंच वाढायला. त्याला पाच वर्षं झाली.

बायको गुडघ्यांवर बसली आणि नेहमीच्या जागी, खिडकीच्या लाकडी जाळीच्या खालून तिसऱ्या चौकोनावर तिनं बोट टेकवलं. दुआननं तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, यंदा काही हा भोक पाडू देत नाही.

त्यानं तिला उभं केलं आणि तिचं बोट दोन चौकोन वर नेलं.

"इथं पाड. बारा वर्षांची झाली ती आता. किती वाकायला लावशील?"