डोक्यावरचं घमेलं

घानाच्या राजधानीत, आक्राच्या मकोला बाजारात, सकाळपासून सिनेमाचं शूटिंग चालू होतं. शहरात हमाली करून लेकरं वाढवणाऱ्या आईची भूमिका सेर्वाकडे होती. कोनफळांनी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन तिला रडत रडत गर्दीतून चालायचं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं की घमेलं कलंडायचं. सात वेळा कोनफळं रस्त्यावर लोळली.

ती गोळा करू लागलेली लारिबा, याच बाजारातली खरी हमालीण, खुदकन हसली. "अहो बाई, रडलं की मान हलते. डोक्यावर ओझं असताना कोण रडतं?"

"मग तुम्ही रडता तरी कधी?" सेर्वाने चिडून विचारलं.

लारिबाने जरा आठवून पाहिलं. "नवरा गेला तेव्हा धाकटी पोटात होती, म्हणून राहूनच गेलं. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पास झाली, की बसेन एक दिवस निवांत."

सेर्वाने कोनफळं पुन्हा घमेल्यात भरली. मग घमेलं डोक्यावर घेऊन चालू लागली.

"रड, सेर्वा, रड!" दिग्दर्शक ओरडला.

ती रडली नाही. कॅमेरा मागे राहिला, तरी मान ताठ ठेवून ती बाजाराच्या पार टोकापर्यंत चालत गेली.