शॉर्टस्टॉपचं बोट

अड्याळच्या सुगतचं बेसबॉल एका चेंडूत संपलं. नॅशनलच्या फायनलला शेवटचा चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागून उसळला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणाऱ्या या शॉर्टस्टॉपनं तो उघड्या उजव्या हातानं अडवला आणि तसाच पहिल्या बेसवर फेकला. शेवटचा गडी बाद झाला, महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळालं. सुगतची तर्जनी मात्र मोडली ती मोडलीच, पुन्हा कधी वाकली नाही.

पण घरात त्या बोटाचा कोण मान! पाहुणे आले की चहाच्याही आधी वडील, आनंदराव, म्हणायचे, "सुगत, पाहुण्याईले तुहं बोट दाखव न." मग सुगत ताठ बोट वर करून अख्खी फायनल सांगायचा. आठ वर्षं हेच.

यंदा खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत त्याचा नंबर लागला. वयात बसणारी ही शेवटचीच भरती. मेडिकलला रांग ही लांब. उंची, छाती, डोळे झाले, हातांकडे कोणी पाहिलंच नाही. डॉक्टरांनी 'फिट' लिहून पेन खिशात ठेवला. तेवढ्यात फायलीतलं प्रमाणपत्र त्यांच्या नजरेस पडलं.

"बेसबॉल? अरे वा! आपल्याकडे कोण खेळते हे?"

सवयीनं सुगतचं बोट वर गेलं आणि तो फायनल सांगायला लागला. डॉक्टरांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकली.



"बंदुकीचा घोडा याच बोटानं दाबा लागते न," म्हणत त्यांनी खिशातला पेन परत काढला.