चौथा भाग

एकाच नायिकेवर निघालेल्या चित्रपटमालिकेच्या पहिल्या तिन्ही भागांचं संकलन बाईंनीच केलं होतं. काय नायिका होती ती! नुसती येऊन उभी राहिली तरी पडदा तिचा व्हायचा. ती वारली आणि चौथा भाग एका नव्या नायकावर निघाला.

भर दुपारी संकलनाच्या खोलीत एकट्या बसून बाईंनी त्याचं पहिलं दृश्य लावलं. नायक तावातावानं बोलत होता, पण अख्खी गर्दी भलतीकडेच बघत होती.

"अहो, तिकडे कोण उभं होतं?" बाईंनी फोनवर विचारलं.

"कोणी नाही. भिंत होती," दिग्दर्शक म्हणाला.

बाईंनी दृश्य पुन्हा लावलं. आता नायकही बोलता बोलता थांबला आणि अदबीनं बाजूला सरला. सगळ्यांच्या नजरा हळूहळू वळल्या, बाईंच्या खांद्यामागे स्थिरावल्या.

बाई नकळत उठून उभ्या राहिल्या.

रिकामी झालेली खुर्ची हलकेच करकरली.